न जुळलेली नोंद

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



यंदाच्या अंकासाठी संपादक मंडळींनी ‘जीवनातील गूढ’ हा विषय दिला, तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. मी कीर्तनकार नाही, शास्त्री नाही. बी.कॉम. झालो आणि १९८० ते २०१७ अशी ३७ वर्षं बँकेत आकडे लिहिले. गूढ म्हटलं की लोकांना दृष्टांत, साक्षात्कार, स्वप्नात आलेले महाराज असं काही ऐकायचं असतं. तसलं माझ्याजवळ काही नाही. माझ्याजवळ आहे ती एक न जुळलेली नोंद. यंदाच्या पौर्णिमेला तिला ४७ वर्षं होतील.

पण आधी बँकेतली गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

१९८१ च्या मार्चअखेरची गोष्ट. मी नोकरीत नवीन. तेव्हा कॉम्प्युटर नव्हते, जाडजूड लेजरं होती आणि शिल्लक यादी जुळल्याशिवाय घरी जायचं नाही असा दंडक होता. आमच्या यादीत ६३ रुपयांचं एक चलन उरलं. पैसे जमा झालेले, पण चलनावर पाणी सांडून शाई पसरलेली. नाव लागेना, खाते नंबर लागेना. रात्रीचे दहा वाजले. मी हळूच सुचवलं, ‘‘किरकोळ उत्पन्नाला टाकू का? हिशेब तरी जुळेल.’’

आमचे हेडक्लार्क निवृत्तीला आलेले गृहस्थ होते. चष्म्यावरून बघत म्हणाले, ‘‘कुणाचे पैसे आहेत माहीत आहे का तुला?’’

‘‘नाही.’’

‘‘मग बँकेचे कसे झाले? माहीत नाही ते ‘माहीत नाही’ म्हणून लिहायला शीक. चुकीच्या हेडला टाकलंस की यादी जुळलेली दिसेल, आपण सगळे घरी जाऊ, आणि उद्या खरा माणूस आला तर त्याला त्याचे पैसे सापडायचे नाहीत.’’

अशा नोंदीसाठी बँकेत वेगळं खातं असतं. जमेची असेल तर सन्ड्रीला, नावेची असेल तर सस्पेन्सला, असे आतले बारकावे आहेत. पण आम्ही आपसांत सरसकट सस्पेन्सच म्हणायचो. त्या खात्याचा अर्थ एवढाच, की हे आहे, खरं आहे, आम्ही ते लपवलेलं नाही, पण हे कुठलं ते आज आम्हाला सांगता येत नाही. अधूनमधून ते खातं उघडून बघायचं असतं. फुंकून टाकायचं नसतं आणि दडपून कुठंतरी बसवायचंही नसतं.

हिशेबावरून एकनाथमहाराजांची गोष्ट आठवते. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या पदरी असताना नाथ हिशेब लिहीत. एका पैची चूक सापडेना म्हणून रात्रभर जागले, आणि सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैच्या चुकीचा एवढा आनंद, तर या भवाची चूक सापडेल तेव्हा केवढा होईल! बँकेत प्रत्येक सेवानिवृत्तीच्या समारंभात ही गोष्ट कुणीतरी सांगतोच. माझ्याही समारंभात सांगितली. मात्र कुणी असं विचारत नाही, की ती पै सापडलीच नसती तर नाथांनी काय केलं असतं? मला वाटतं, पहाटे उठून आंघोळ करून गुरूंच्या पूजेची तयारी केली असती. पण हे माझं मत झालं.

आता माझी पै.

१९७८ साल, मार्गशीर्ष पौर्णिमा. माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणायचो, तेव्हा २५ वर्षांचा होता. वर्कशॉपमध्ये टर्नरचं काम करायचा. सकाळी आंघोळ करून आईला म्हणाला, ‘‘वाडीला जाऊन येतो. जन्मकाळ झाला की शेवटच्या गाडीनं परत.’’ आईनं नारळ आणि सव्वा रुपया हातात दिला. आम्ही सांगलीचे. नृसिंहवाडी आम्हाला परगाव वाटतच नाही. एस.टी.त बसलं की पोचलं. दर पौर्णिमेला घरातलं कुणी ना कुणी जायचंच.

दादा रात्री आला नाही. वाटलं, गर्दी असेल, राहिला असेल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत वाट बघितली आणि मग बाबा आणि मी निघालो. त्याचा एक फोटो होता, तो घेऊन घाटावर, पेढ्यांच्या दुकानांतून, पुजारी मंडळींकडे, धर्मशाळेत विचारत फिरलो. पौर्णिमेच्या गर्दीत कोण कुणाला लक्षात ठेवतो? एक दुकानदार म्हणाला, असा एकजण नारळ फोडून पलीकडे गेला. ‘पलीकडे’ म्हणजे कुठे, ते त्यालाही सांगता येईना. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नाववाल्यांनी दोन दिवस नदी बघितली. काही नाही. पोलिसांत नोंद केली. औदुंबरला जाऊन आलो. बाबा एकटे गाणगापूरला गेले आणि आठ दिवस राहिले.

गाणगापूरला गेलेल्यांना माहीत आहे, दुपारी तिथे भक्त झोळी घेऊन पाच घरी माधुकरी मागतात. महाराज त्या वेळी कुठल्यातरी रूपात भिक्षेला येतात अशी श्रद्धा आहे. बाबा त्या आठ दिवसांत रोज दुपारी रस्त्याच्या कडेला उभे राहून झोळी घेतलेल्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते. इतर लोक देवाला शोधत होते, बाबा दादाला. परत आले ते एकदम म्हातारे होऊन आले. १९८३ मध्ये गेले. त्यांना कळलं नाही ते नाहीच कळलं.

माझं काय झालं ते सांगतो. त्या पौर्णिमेच्या आदल्या रात्री माझं आणि दादाचं भांडण झालं होतं. तो नोकरी सोडायचं म्हणत होता. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, बहीण शाळेत. मी त्याला म्हणालो, ‘‘पळ काढायचा असेल तर सरळ काढ, आम्ही बघून घेऊ.’’ तो हसला आणि तोंडावर पांघरूण घेऊन झोपला. हे वाक्य मी बारा वर्षं कुणालाही सांगितलं नाही.

माणूस मेला की लोक येतात, रडतात, तेरा दिवसांत एक काहीतरी होऊन जातं. माणूस नाहीसा झाला की तसं नसतं. लोक येतात आणि हिशेब जुळवायला बसतात. एक जण म्हणाले, मागच्या जन्मीचं देणं होतं, फिटलं. एका ज्योतिषांनी पितृदोष काढला आणि खर्चाची यादी दिली. एक बाई म्हणाल्या, ‘‘हिमालयात गेला असणार. तुम्ही भाग्यवान आई आहात.’’ दुसऱ्या एकींनी आईच्या तोंडावर सांगितलं, की सप्ताहात सोवळ्यात काहीतरी चुकलं असेल. आई उठून आत गेली आणि चहा टाकला. मला त्या वेळी सगळ्यांचा राग आला होता. आता वाटतं, वाईट कुणीच नव्हतं. न जुळलेली यादी डोळ्यांसमोर घेऊन बसवत नाही माणसाला. कुठल्यातरी हेडला टाकून घरी जायचं असतं.

आपण भक्तमंडळीसुद्धा हेच करतो, याची मला आज कबुली द्यायची आहे. चांगलं झालं की ‘महाराजांची कृपा’, वाईट झालं की ‘प्रारब्ध’, आणि काहीच कळलं नाही की ‘सेवेत कमी पडलं’. ही तीन हेड तयारच असतात. शब्द खोटे आहेत असं मी म्हणत नाही. कृपा खरी आहे, प्रारब्धही असेल. पण दुसऱ्याच्या घरात जाऊन, त्याच्या दुःखाची नोंद आपण आपल्या पेनानं कुठल्या हेडला टाकतो, त्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? शेजारच्या घरात तरुण मुलगी आजारी पडते, डॉक्टरांना कारण सापडत नाही. कुणाचा मुलगा परदेशात आहे आणि चार वर्षं फोन उचलत नाही, का ते आईबापांना ठाऊक नाही. मूल पोटातच जातं. तुमच्यातल्या कितीतरी जणांकडे अशी नोंद असेल, आणि तिच्यावर कुणी ना कुणी येऊन शिक्का मारून गेला असेल.

मी स्वतः दोन हेड वापरली. पहिलं दत्ताचं. तुझ्या दारात यायला निघालेला माणूस तू परत पाठवला नाहीस, म्हणून सहा वर्षं मी दत्ताच्या देवळाची पायरी चढलो नाही. दुसरं माझं स्वतःचं. माझ्या त्या वाक्यामुळे गेला. या दुसऱ्या खात्यावर तर मी रोज व्याज लावत होतो.

बाबा गेल्यावर, १९८४ च्या दत्तजयंतीआधी आई म्हणाली, ‘‘सप्ताह हे वाचायचे. आता तू वाच, मी ऐकते.’’ नाही म्हणायची सोय नव्हती. धुसफुसत वाचायला बसलो. आपण सगळेच गुरुचरित्र वाचतो, पण घरात असं काही घडलेलं असताना वाचलं की त्यातले शब्द वेगळेच दिसायला लागतात.

पिठापूरच्या सुमतीची कथा तुम्हाला ठाऊक आहे. घरात श्राद्ध, ब्राह्मण अजून जेवायचे, आणि भर दुपारी दारात एक अनोळखी अतिथी. नियमाप्रमाणे आधी ब्राह्मण. पण सुमतीनं त्याला भिक्षा घातली. तो कोण हे तिला माहीत नव्हतं. वाढल्यावर त्यानं रूप दाखवलं. त्यानं तिला आईच्या नात्यानं हाक मारली, तिनं तोच शब्द खरा कर म्हणून मागणं मागितलं, आणि तिच्या पोटी श्रीपाद श्रीवल्लभ आले. इथपर्यंत आपल्याला आवडतं. पुढे तेच श्रीपाद सोळा वर्षांचे झाले, लग्नाची बोलणी निघाली, आणि घर सोडून निघाले. आईवडिलांचा आक्रोश ग्रंथात आहे. एक भाऊ आंधळा, एक पांगळा. त्यांच्याकडे कृपादृष्टीनं बघून त्यांना बरं केलं, आईबापांना सांभाळा म्हणून सांगितलं, आणि गेले.

इथे आईनं मला थांबवलं. म्हणाली, ‘‘सुमतीबाईंना तो सांगून तरी गेला.’’

पुढे कारंज्याच्या नरहरीचा अध्याय आला. तेही लहानपणीच घर सोडून निघाले, तेच आपले नृसिंहसरस्वती. आईच्या आग्रहाखातर दुसरी मुलं होईपर्यंत थांबले, आणि जाताना तीस वर्षांनी भेटेन म्हणून वचन दिलं. ते पाळलंही. आई म्हणाली, ‘‘अंबाबाईंना तीस वर्षांचा वायदा तरी मिळाला.’’

मी पोथी बाजूला ठेवली. ‘‘आणि आपल्याला काय मिळालं?’’

‘‘आपल्याला माहीत नाही. वाच पुढे.’’

ती रागावून म्हणाली नाही, रडूनही म्हणाली नाही. भाजी संपली आहे हे सांगावं तशी म्हणाली. मी पुढे वाचलं. त्या पांगळ्या भावाचा विचार मात्र डोक्यातून गेला नाही. आमच्या घरात मागे राहिलेला मीच. आमचा दादा जाताना माझा पांगळेपणा काही बरा करून गेला नाही, आईला सांभाळ म्हणूनही सांगून गेला नाही. ते आपलं आपल्यालाच ओळखून करायचं होतं.

नंतर पुष्कळ वर्षांनी एका प्रवचनात ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताबद्दल ऐकलं. दहाव्या मंडलातलं १२९ वं सूक्त. ही सृष्टी कुठून आली याचा विचार करता करता ऋषी शेवटी म्हणतो, की परम आकाशात बसून हे सगळं बघणाऱ्यालाच ते ठाऊक असेल, किंवा त्यालाही ठाऊक नसेल. ऐकून मी थक्क झालो. प्रत्यक्ष वेदात ‘माहीत नाही’ लिहिलेलं आहे! आणि ते लिहिल्यामुळे वेदाला कमीपणा आलेला नाही. मग आमच्यासारख्यांनी एवढी घाई का करावी?

१९८५ मध्ये गावाकडच्या वाड्याच्या वाटण्या निघाल्या. कागदोपत्री दादाचं काय, असा प्रश्न आला. वकिलांनी पुरावा कायद्याचं १०८ वं कलम समजावलं. ज्यांना एखाद्या माणसाची खबर लागायला हवी अशा लोकांना सात वर्षं त्याची काहीच खबर लागली नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. सात वर्षं त्याच मार्गशीर्षात भरत होती.

आई म्हणाली, ‘‘म्हणजे आहे म्हणणारीनं पुरावा द्यायचा?’’

‘‘होय, आई.’’

‘‘आणि नाही म्हणणाऱ्यानं?’’

वकील हसले. आईनं सही केली नाही. ‘‘मी तो आहे असंही म्हणत नाही,’’ एवढंच म्हणाली.

तिच्या या नकाराची किंमत आम्ही मोजली, हे झाकून ठेवत नाही. वाटणी अडकली. काकांचं येणंजाणं तुटलं. बहिणीच्या लग्नाला मी बँकेतून कर्ज काढलं आणि माझा संसार दोन खोल्यांच्या भाड्याच्या जागेत सुरू झाला. पत्नीनं कधी बोलून दाखवलं नाही, पण मी मनात पुष्कळदा आईला दोष दिला.

१९९० मध्ये बारा वर्षं झाली. आमच्या गुरुजींनी सांगितलं, की बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघून पालाशविधी करता येतो. पळसाची पानं आणि दर्भ यांची प्रतिमा करून तिला अग्नी द्यायचा आणि पुढचं सगळं क्रियाकर्म करायचं. त्यांनी आग्रह केला नाही, फक्त शास्त्र सांगितलं. आग्रह माझाच होता. मला ते सगळं संपवायचं होतं. आई ऐकेना. त्या रात्री वाद वाढला आणि बोलता बोलता मी ते वाक्य बोलून गेलो. ‘‘तुला माहीत नाही, आदल्या रात्री मी त्याला पळ काढ म्हणालो होतो. माझ्यामुळे गेलाय तो.’’

आई बराच वेळ काही बोलली नाही. आता ही काय म्हणेल, या भीतीनं माझ्या हातापायाला घाम सुटला होता. मग म्हणाली, ‘‘तुझ्यामुळे गेला, हे तुला त्यानं सांगितलं?’’

‘‘नाही.’’

‘‘आणखी कुणी सांगितलं?’’

‘‘नाही.’’

‘‘मग आपल्या नावावर कशाला लिहून घेतोस? माहीत नाही ना?’’

अकरा नाही तर नऊ वर्षांपूर्वी हेडक्लार्क जे म्हणाले होते तेच आई म्हणत होती. तिनं उभ्या जन्मात लेजर बघितलं नव्हतं. पुढे म्हणाली, ‘‘विधी करू नको म्हणत नाही मी. तो गेला असं तुला ठाऊक झालं तर जरूर कर. पण तुला सुटल्यासारखं वाटावं म्हणून त्याला जाळू नकोस.’’

आम्ही विधी केला नाही. कुणी केला असेल तर चूक केली असं मी अजिबात म्हणत नाही. तो ज्याच्या त्याच्या मनाचा आणि घराचा प्रश्न आहे. शास्त्रानं ती वाट ठेवली आहे ती विचार करूनच ठेवली असेल. आमच्या आईला ती वाट नको होती, इतकंच. मी मात्र त्या रात्री बारा वर्षांत पहिल्यांदा सलग झोपलो.

पिंगलेची आठवण इथे काढतो. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो, त्यातली ही एक. विदेहनगरीतली वेश्या. गिऱ्हाइकाची वाट बघत मध्यरात्रीपर्यंत आतबाहेर करते, कुणी येत नाही, शेवटी आशा सोडते आणि सुखानं झोपते. आशा सोडली की सुख, असा अर्थ सगळे सांगतात, आणि तो बरोबरच आहे. एकदा आपल्या मंदिरातल्या प्रवचनाहून येताना मी आईला म्हटलं, ‘‘बघ, पिंगलेनंसुद्धा वाट बघणं सोडलं.’’ आई म्हणाली, ‘‘वाट बघणं मी पण सोडलंय. पण तिनं दाराला कडी घातली असं कुठं सांगितलं बुवांनी?’’

आमचं दार दुपारी उघडंच असायचं. दत्तमहाराज रोज दुपारी भिक्षेला करवीरात येतात अशी आपली श्रद्धा. करवीर काही आमच्यापासून फार लांब नाही, वाट वाकडी करून येतीलही, असं आई गमतीनं म्हणायची. बाराच्या सुमाराला एक भाकरी आणि वाटीभर आमटी बाजूला काढलेली असायची. जो येईल त्याला. गोसावी, वासुदेव, डोंबारी, नुसताच उपाशी माणूस, कुणीही. एकदा एक जण जेवला आणि पितळी तांब्या घेऊन गेला. दुसऱ्या दिवसापासून स्टीलचा पेला ठेवला, पण भाकरी चुकली नाही. कुणीच आलं नाही तर दीड वाजता ती स्वतः ती भाकरी खायची.

मी विचारलं होतं एकदा, ‘‘तू यांना दत्त म्हणून वाढतेस की दादा म्हणून?’’

‘‘जेवायला आलेत म्हणून वाढते. ते ताट आत ने आधी.’’

सुरुवातीला ती प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे बघायची, हे मला ठाऊक आहे. बाबा गाणगापूरला बघायचे तसंच. दादाच्या डाव्या कानाची पाळी लहानपणी फाटलेली होती. तिकडे तिची नजर जायचीच. पुढे पुढे ती कानाकडे बघेनाशी झाली, ताटाकडे बघायला लागली. कधीपासून, ते मला सांगता येणार नाही. हे काही एका दिवसात झालं नाही.

अनसूयामातेपासून सुमतीपर्यंत, आपला देव दारात आला तो ओळख न देता आला. नाथांना दत्तदर्शन झालं तेव्हा मलंग फकिराच्या वेषात, आणि नाथांनीही आधी ओळखलं नाही असं सांगतात. आपण म्हणतो, ही देवाची परीक्षा. मला आईकडे बघून वाटायचं, परीक्षा वगैरे काही नसेल. ओळखल्यावर वाढणं काय, कुणीही वाढेल.

आई २००३ मध्ये गेली. शेवटच्या आजारात दादाचं नाव तिनं एकदाच घेतलं, तेही बेशुद्धीत. पितृपक्षात तर्पणाच्या वेळी गुरुजी घरातल्या गेलेल्यांची नावं विचारतात. बाबांचं सांगतो, आईचं सांगतो, आणि म्हणतो, ‘‘पुढे चला.’’ त्यांना आता सवय झाली आहे.

एक छोटी गोष्ट राहिली. दादाचं एका राष्ट्रीयीकृत बँकेत बचत खातं होतं. पासबुकात ४१२ रुपये. बँकेचा नियम असा, की दहा वर्षं ज्या खात्यावर कुणी हक्क सांगत नाही, त्यातली रक्कम २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाते. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत अशा खात्यांच्या याद्या मी स्वतः केल्या आहेत. त्या याद्या करताना प्रत्येक नावामागे एकेक घर दिसायचं. आणि रक्कम निधीत गेली म्हणजे बुडाली असं नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्यातल्या कित्येकांची जुनी खाती अशी पडून असतील. खातेदार किंवा वारस कधीही आपल्या बँकेत जाऊन मागू शकतो. बँक त्याला पैसे देते आणि मग निधीतून परत घेते. २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं ‘उद्गम’ नावाचं पोर्टल सुरू केलं. त्यावर अशी खाती शोधता येतात.

माझ्या मुलीनं मोबाइलवर दादाचं नाव आणि जन्मतारीख घातली. नाव आलं. ४५ वर्षांनी त्याचं नाव मी छापील अक्षरात बघितलं. मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, क्लेम करायचा का? वारस म्हणून करता येईल, पण मृत्यूचा दाखला लागेल, नाहीतर कोर्टाचा कागद.’’

मी म्हटलं, ‘‘राहू दे. त्याचं आहे ते.’’

ती हसली. मग हसता हसता गप्प झाली आणि मोबाइल बंद केला.

गेल्या वर्षीच्या दत्तजयंतीला आपल्या मंदिरातल्या भंडाऱ्यात माझ्याकडे आमटीची बादली होती. तिसऱ्या पंगतीला कोपऱ्यात एक म्हातारा बसला होता. पांढरी दाढी, अंगावर जुना कोट, गावातला वाटत नव्हता. सत्तरीच्या पुढचा असेल. मी वाढत वाढत त्याच्यापर्यंत पोचलो, आणि खोटं कशाला सांगू, माझी नजर कानाकडे गेली. पण त्यानं मफलर गुंडाळलेला होता. मी आमटी वाढली. त्यानं भाताला मध्ये आळं केलं आणि वर न बघताच म्हणाला, ‘‘अजून एक पळी.’’

मी अजून एक पळी वाढली आणि पुढच्या पानाकडे गेलो.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥